बोट लागली, की हवा कोंडली?

आपल्या किनारपट्टीवर दवाखाना चालवणाऱ्या कोणाही डॉक्टरला ही तक्रार नवी नाही. दोन-तीन रात्री समुद्रावर काढून आलेला खलाशी सांगतो, "डॉक्टर, पहाटे उठलो की डोके दगडासारखे जड असते, मळमळते, पाय लटपटतात. बोट लागते बहुतेक." मग तो उलटीच्या गोळ्या मागून घेतो, पुढच्या फेरीला जातो आणि पुन्हा त्याच केबिनमध्ये त्याच जागी झोपतो.

बोट लागणे हा खरा विकार आहे. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते ती मेंदूला सांगते की शरीर हलते आहे. डोळ्यांना मात्र केबिनच्या भिंती स्थिर दिसतात. या दोन बातम्यांचा मेळ बसला नाही की घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटते, जांभया येतात आणि शेवटी उलटी होते. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत याची सवय होते. म्हणूनच, दहा-पंधरा वर्षे दर्यावर काढलेला माणूस, समुद्र शांत असताना, क्वचित बोट जेटीला बांधलेली असतानासुद्धा, "मला बोट लागली" म्हणतो तेव्हा शंका यायला हवी. त्यातून त्याच केबिनमध्ये झोपलेल्या आणखी दोघा-तिघांचे डोके त्याच पहाटे दुखत असेल, तर दोष लाटांवर ढकलून चालणार नाही. तो त्या खोलीतल्या हवेचा असण्याचा संभव फार मोठा आहे.

सध्या पावसाळी मासेमारी बंदीमुळे बोटी किनाऱ्यावर ओढून, झापांनी नाहीतर प्लास्टिकने शाकारून ठेवल्या आहेत. रंगकाम, डागडुजी, इंजिनाची दुरुस्ती याच दिवसांत होते. सुतार हाताशी असतो. म्हणून आजच्या सदरात गोळ्या-औषधांऐवजी केबिनला भोके कोठे पाडावीत याविषयी बोलायचे आहे. आरोग्याच्या सदरात हा विषय काहींना चमत्कारिक वाटेल, पण या रोगाचे औषध सुताराकडेच आहे.

चार माणसे आणि एक खोली

एक साधा हिशोब करू. मध्यम बोटीवरील केबिन आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच धरू. म्हणजे आत २४० घनफूट हवा झाली. झोपलेला माणूस तासाला साधारण अर्धा घनफूट कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकतो. चार माणसांचे मिळून दोन घनफूट. दार, खिडकी, झाकण सारे घट्ट बंद असेल तर तासाभरात त्या हवेत हा वायू पाऊण टक्क्याहून अधिक होतो आणि तीन तासांत अडीच टक्क्यांच्या घरात जातो. बाहेरच्या मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण केवळ ०.०४ टक्क्यांच्या आसपास असते. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी अर्धा टक्का ही मर्यादा मानली जाते. दोन-तीन टक्क्यांना श्वास जोराने चालू लागतो, डोके ठणकू लागते, झोप अस्वस्थ होते. अर्थात फटींतून थोडीफार हवा येत-जात असल्याने प्रत्यक्षात एवढे टोक गाठले जात नाही. पण थंडीत उत्तरेचा वारा सुटला की खलाशी त्या फटींतही गोणपाट कोंबतात, हेही खरे.

हा झाला फक्त श्वासाचा हिशोब. त्याने माणूस बेजार होतो, सहसा मरत नाही. मारतो तो दुसरा वायू.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू कोणतेही इंधन अर्धवट जळाले की तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. इंजिनाचा धूर, स्टोव्ह, गॅसची शेगडी, कोळशाची शेगडी, छोटा जनरेटर ही त्याची उगमस्थाने. डिझेल इंजिनाच्या धुरात तो तुलनेने कमी असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या आणि छोट्या जनरेटरच्या धुरात पुष्कळ. स्टोव्हची ज्योत निळी न राहता पिवळी पडली, भांड्याला काजळी धरू लागली, की तोही हा वायू सोडू लागला असे समजावे.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. प्राणवायू वाहून नेणारी ती हमालाची पाटी. कार्बन मोनॉक्साइड या पाटीला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी हळूहळू पाट्या अडवीत जातो. माणूस श्वास घेत असतो, छाती हलत असते, आणि मेंदू मात्र उपाशी राहतो. आधी डोकेदुखी, मग मळमळ, चक्कर, गोंधळ, पायांतले त्राण जाणे आणि शेवटी बेशुद्धी. झोपेत असेल तर मधल्या पायऱ्या त्याला कळतही नाहीत. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत वाचतो, त्यामागे बहुधा हाच वायू असतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साध्या हवेत श्वास घेत राहिले तर रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. पहाटे डोके धरून उठलेला खलाशी उघड्यावर कामाला लागतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याला बरे वाटू लागते. तो म्हणतो, "समुद्र शांत झाला, म्हणून बरे वाटले." समुद्र होता तसाच असतो. त्याचे रक्त तेवढे धुऊन निघालेले असते, आणि रात्री पुन्हा तोच प्रकार.

२०२० च्या साथीपासून बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे चिमट्यासारखे यंत्र घरोघरी आले आहे. त्याचा येथे भरवसा धरू नये. ते यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज करते आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही लालभडकच दिसते. माणूस गुदमरत असताना ते यंत्र ९८ दाखवू शकते.

धूर मागून येतो

तांडेल मंडळींचे यावर ठरलेले उत्तर असते, "आमचा धूर तर मागे जातो. पुढे केबिनमध्ये येईलच कसा?"

एस. टी.च्या मातीच्या रस्त्यावरील प्रवास आठवा. गाडी भरधाव पुढे जात असते आणि तरी मागच्या बाकावरचे उतारू धुळीने पांढरे होतात. गाडी हवा कापीत पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ उलट गाडीकडेच ओढली जाते. चालत्या बोटीच्या केबिनचे अगदी तसेच होते. केबिनचे दार मागच्या अंगाला असते, पुढून हवा येण्यास वाट नसते. मग मागच्या पोकळीतला धूर दारातून आत शिरतो. वारा पाठीमागचा आणि बोट संथ चाललेली असेल तर पाहायलाच नको. अशा वेळी मागचे दार उघडे ठेवले म्हणजे हवा खेळते ही समजूत घातक ठरते. पुढची झडप उघडी असेल तर मात्र हवा पुढून शिरून मागून निघते आणि धुराला आत यायला वाव राहत नाही.

बंदरात वेगळाच धोका. बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या असतात. नेपाळहून, कर्नाटकातून आलेले खलाशी तर मुक्कामच बोटीवर करतात. आपले इंजिन बंद असते, पण शेजारच्या बोटीचे इंजिन बर्फ भरताना नाहीतर बॅटरी चार्ज करताना तासभर धडधडत असते आणि त्याच्या धुराचे तोंड नेमके आपल्या खिडकीसमोर असते. असे असेल तर झोपण्याआधी जाऊन सांगावे. त्यात भांडणाचे काही कारण नाही.

ओल, खोकला आणि कॉइल

झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसे, आठ तास, म्हणजे सव्वा लिटर पाणी एका रात्रीत त्या खोलीत मुरले. त्यात आतच जेवण शिजत असेल तर आणखी भर. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. भाताच्या आधणाची वाफ वेगळीच. ही वाफ बाहेर न गेल्यास थंड छतावर टिपूस धरते, अंथरुणे दमट होतात, फळ्यांवर काळी-हिरवी बुरशी चढते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना या बुरशीने उचल खाते. जांघेत, काखेत नायटा होतो. मलम लावून तो बरा करावा आणि पुन्हा ओलसर गोधडीवर झोपावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. मीठ हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून खाऱ्या पाण्याने भिजलेले कपडे नुसते वाळवून उपयोग नाही. ते गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय कोरडे राहत नाहीत.

क्षयाविषयी थोडे अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेत उडतात आणि कोंदट खोलीत तासन् तास तरंगत राहतात. एका केबिनमध्ये सहा-आठ जण दाटीवाटीने महिनोन् महिने झोपत असतील आणि एकाला क्षय असेल, तर त्याचा प्रसाद बाकीच्यांना मिळणे अवघड नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या खलाशाची थुंकी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. नाखव्यांनी हे खर्चाचे काम समजू नये. एक खलाशी अंथरुणाला खिळला तर हंगाम त्यांचाच बुडतो.

आणि डासांची कॉइल! बंदरात डास असतात हे मान्य. पण एका अख्ख्या कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. २४० घनफुटांच्या पेटीत तिचे काय होत असेल याची कल्पना करावी. मच्छरदाणी वापरावी.

हा प्रश्न जुनाच

जहाजातली कोंदट हवा ही डोकेदुखी फार जुनी. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. हे गृहस्थ मोठे खटपटी. जिवंत घोडीच्या रोहिणीत नळी बसवून रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो त्यांनीच. ते काम १७३३ साली प्रसिद्ध झाले. त्याच हेल्स यांनी जहाजाच्या पोटातली हवा बदलण्यासाठी लोहाराच्या भात्यासारखे मोठाले भाते बनवले आणि १७४३ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे ते तुरुंगांत आणि इस्पितळांतही बसवले गेले. घाणेरड्या हवेनेच ताप येतो असे त्या काळी मानीत. ती समजूत पुरती खरी नव्हती. जहाजावर पसरणारा टायफस उवांमुळे होई, हे पुष्कळ नंतर कळले. पण हवा खेळू लागली की धान्य, लाकूड आणि माणसे तिन्ही अधिक टिकतात, हा अनुभव खोटा ठरला नाही.

आपल्याकडच्या जुन्या पडाव-मचव्यांना हा प्रश्न फारसा पडलाच नाही. वर शीड, खाली उघडा तळ, फार तर झापांचे छप्पर. माणसे वाऱ्यातच झोपत. कौलारू घराचे जसे होते तसेच. चुलीचा धूर कौलांच्या सांध्यांतून आपोआप निघून जाई. स्लॅबचे घर बांधले आणि धुराला वाट करून देणे भाग पडले. तशीच फायबरची, सांधा न ठेवता ओतलेली केबिन आली, पोटात इंजिन आले, पण हवेची वाट कोणी काढली नाही.

आत येण्याची वाट, बाहेर जाण्याची वाट

हवेविषयी एकच नियम पक्का ध्यानात ठेवावा. एका भोकाने काम होत नाही. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून पाहा. हवा आत जात नाही, शीळ तेवढी वाजते. बाटलीचा बूड फोडला तरच फुंकर आरपार जाईल. केबिनला एकच दार असेल तर ती बाटली आहे. पुढच्या अंगाला एक वाट आणि मागच्या अंगाला दुसरी, एक शक्यतो खाली आणि एक वर, अशी जोडी हवी. गरम हवा वर चढते, म्हणून वारा पडलेला असतानाही वरच्या वाटेने ती संथपणे निघत राहते.

भोक केवढे असावे? झोपलेल्या दर माणशी मिनिटाला साधारण १५ घनफूट ताजी हवा धरावी. चौघांना ६० घनफूट. चार इंच व्यासाच्या नळीतून, ताशी आठ किलोमीटरच्या मंद वाऱ्यात, सगळे जुळून आले तर मिनिटाला ३५-३८ घनफूट हवा जाते. वळणे, जाळी, वाऱ्याची लहर लक्षात घेता निम्मीच धरावी. म्हणजे चौघांसाठी अशा तीन-चार नळ्या आत येणाऱ्या आणि तेवढ्याच बाहेर जाणाऱ्या. हे ऐकून कोणीही घाबरेल. म्हणून मुख्य भिस्त नळ्यांवर न ठेवता छतातल्या झडपेवर ठेवावी. दीड फूट लांब, दीड फूट रुंद अशी एक झडप चार इंची पंचवीस नळ्यांच्या तोडीची असते. नळ्या लागतात त्या पाऊस-लाटांमुळे झडप मिटावी लागेल अशा रात्रींसाठी.

झडपेची बिजागरी कोणत्या बाजूला बसवावी याला महत्त्व आहे. नांगरलेली बोट बहुधा नाळ वाऱ्याकडे करून उभी राहते. पुढची झडप नाळेच्या दिशेने तोंड उघडणारी असेल तर ती सुपासारखी वारा झेलून आत लोटते. मागची झडप पाठीमागे उघडणारी असेल तर तिच्यावरून जाणारा वारा आतली हवा ओढून काढतो. पुढच्या झडपेला दोन्ही बाजूंना निघणाऱ्या बिजागऱ्या लावाव्यात; नांगरावर असताना पुढे उघडावी, तुषार उडत असताना फिरवून मागे उघडावी. जेटीला बांधलेल्या बोटीचे गणित निराळे आहे. तिला वाऱ्याकडे वळता येत नाही. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात; म्हणजे बोटीचे तोंड समुद्राकडे असेल तर रात्रीचा वारा मागून येणार. अशा वेळी वाट उलटी चालू द्यावी, आणि छतावर हाताने फिरवता येणारा भोंगा असल्यास त्याचे तोंड वाऱ्याकडे करावे.

"भोंग्यातून पाणी येते" हा नाखव्यांचा आक्षेप खरा आहे. त्यावरचा तोडगा शिडाच्या छोट्या बोटींवर निघाला. १९३० साली न्यूयॉर्कजवळ 'डोराड' नावाची ५२ फुटी शिडाची बोट पाण्यात उतरली. स्टीफन्स या तरुण भावांची ती. पुढच्याच वर्षी तिने अटलांटिक महासागर ओलांडण्याची शर्यत आणि इंग्लंडमधली फास्टनेट शर्यत अशा दोन्ही जिंकल्या. पण आज तिचे नाव जगभर घेतले जाते ते तिच्या हवेच्या पेटीसाठी. युक्ती अशी. केबिनच्या छतावर बुटापेटीएवढी लाकडी पेटी बसवायची. पेटीच्या एका टोकाला वर भोंगा. दुसऱ्या टोकाला केबिनमध्ये उतरणारी नळी, जिचे वरचे तोंड पेटीच्या तळापासून दोन-तीन इंच उंच ठेवलेले. भोंग्यातून वारा आणि पाणी दोन्ही पेटीत येतात. पाणी जड, ते तळाशी पडते आणि पेटीच्या खालच्या कडेला पाडलेल्या भोकांतून छतावर वाहून जाते. हवा वळसा घेऊन उंच नळीत शिरते. एवढेच. हलते यंत्र नाही, वीज नाही. आपला कोणताही बोटसुतार ही पेटी अर्ध्या दिवसात करून देईल. फक्त पाणी जाणारी भोके बुजू देऊ नयेत आणि मोठ्या वादळासाठी नळीला घट्ट बसणारे झाकण जवळ ठेवावे.

अशा लहान बोटींतून माणसे पृथ्वीप्रदक्षिणा करतात. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून आले, आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता. दक्षिणेकडच्या खवळलेल्या समुद्रात झडपा मिटून दिवसच्या दिवस काढायचे, तर हवेचा विचार आधीच करावा लागतो. आपल्या दोन-तीन रात्रींच्या फेरीला त्याचा काही अंश तरी हवा.

पंख्याविषयी एक गैरसमज आहे. केबिनमध्ये बॅटरीवरचा पंखा गरगर फिरवला की घाम वाळतो आणि बरे वाटते. पण तो तीच शिळी हवा घुसळीत असतो. तोच पंखा छताजवळच्या भोकात बाहेर तोंड करून बसवला तर तो हवा बदलतो. मात्र समोरच्या बाजूला हवा आत येण्याची वाट हवीच, नाहीतर तो इंजिनाच्या खोलीतला धूर फटींतून ओढून आणील. त्यासाठी इंजिन आणि झोपण्याची जागा यांमधील फळीतील तारा-नळ्यांची भोके बुजवून घ्यावीत. हे काम स्वस्तातले आणि फार मोलाचे.

सगळे झाल्यावर परीक्षा घ्यावी. गॅसचा वास येत नाही ना, याची खात्री करून केबिनमध्ये एक उदबत्ती लावावी. झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर ती धरून धूर कोठे जातो ते पाहावे. धूर एका दिशेने सरकून बाहेर निघाला तर वाट बरोबर आहे. जागच्या जागी वर चढून पसरला तर अजून काम बाकी आहे. बोट चालू असताना हीच परीक्षा मागच्या दाराशी घ्यावी. धूर आत ओढला गेला तर एस. टी.ची धूळ आठवावी.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो छताच्या झडपेतून जात नाही. फळ्यांखाली, बोटीच्या तळात पाण्यासारखा साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडर केबिनबाहेर, उघड्यावर बांधून ठेवावा. शेगडी विझवताना आधी सिलिंडरचीच कळ बंद करावी. पहाटे इंजिन चालू करण्यापूर्वी तळाच्या फळ्या उघडून वास घ्यावा. ऊब मिळावी म्हणून शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून झोपणे तर कोणत्याही झडपेच्या भरवशावर करू नये. कार्बन मोनॉक्साइड ओळखून कर्कश वाजणारे बॅटरीचे छोटे यंत्र बाजारात मिळते. एका बोटीला एक पुरते. ते झोपण्याच्या जागेजवळ लावावे आणि त्याची बॅटरी काढून विजेरीत घालू नये.

कोणी सापडला तर

केबिनमध्ये कोणी गुंगीत, बडबडताना किंवा बेशुद्ध आढळला तर आधी दारे-झडपा उघडून इंजिन, स्टोव्ह बंद करावा आणि त्याला उघड्यावर आणावे. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. तोंडात पाणी, सरबत काही घालू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवावे. थांबला असेल तर येत असल्यास कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करावा. आतले बाकीचेही तपासावेत, कारण एक पडला म्हणजे दुसरा वाटेवर असतो. वायरलेसच्या १६ नंबरच्या चॅनेलवर किंवा १५५४ या क्रमांकावर तटरक्षक दलाची मदत मागावी. किनाऱ्याला १०८ ची रुग्णवाहिका बोलावून ठेवावी. आणि डॉक्टरांना "बोट लागली" असे न सांगता "बंद केबिनमध्ये झोपले होते, इंजिन चालू होते" असे सांगावे. त्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते. लगेच शुद्ध प्राणवायू लावला तर चार-पाच तासांचे काम एक-दीड तासात होते.

मासळीचा खण

शेवटी केबिनला लागून असलेल्या, पण तिच्याहून घातक अशा जागेविषयी. बंदी उठल्यावर महिनोन् महिने बंद असलेला मासळीचा खण उघडला जातो. तळाशी राहिलेले पाणी, मासळीचे अवशेष कुजून आतला प्राणवायू संपलेला असतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलेला असतो. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण वायू अधिक असेल तर तो नाकाची जाणीवच मारून टाकतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस खाली उतरतो आणि एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच अनेकदा दगावतात. हंगामात खणात मासळी सडली असेल तेव्हाही हेच.

म्हणून खणाची सगळी झाकणे आदल्या दिवशी काढून ठेवावीत. तळातले पाणी वरूनच पंपाने उपसावे. पंख्याने, नाहीतर शिडाच्या जुन्या कापडाची लांब पिशवीसारखी नळी करून तिचे वरचे तोंड वाऱ्याकडे बांधून, ताजी हवा थेट तळापर्यंत सोडावी. पेटती वात सोडून पाहण्याची जुनी रीत येथे वापरू नये. हा वायू पेट घेतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा आणि त्याचे दुसरे टोक वर दोघांच्या हातात असावे. तो कोसळला तर दोराने ओढून घ्यावे, मागोमाग कोणीही उतरू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.